न आलेल्या पुराची माफी

बीडच्या एका केबल चॅनलवर मी बातम्या वाचते. वाचते म्हणजे लिहितेही मीच, फोनही मीच घेते, आणि निवेदन द्यायला आलेल्या मंडळींना चहा सांगायचं कामही माझ्याकडेच असतं. दोन खोल्या, एक कॅमेरा, माझ्या पाठीमागे निळा पडदा आणि रस्त्याकडची खिडकी कोचिंग क्लासच्या फलकानं कायमची बंद. एवढ्या पसाऱ्याला आम्ही स्टुडिओ म्हणतो. नाव मोठं लक्षण खोटं, असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही, कारण ते खरंच आहे. राग कशाचा येतो ते सांगायला हे लिहायला घेतलंय.

आमच्याकडे बातमीपत्र दिवसातून एकदाच रेकॉर्ड होतं, संध्याकाळी सहाला. ते सातला लागतं. तेच नऊला परत लागतं, आणि तेच दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आणि दुपारी बाराला. ऑफिस उघडतं अकराला. तोवर कॉम्प्युटर आपला आपण चॅनल चालवत असतो. आजूबाजूचे आमच्यासारखे बहुतेक जण असंच करतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उद्घाटन, अपघात, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, या बातम्या रात्रभरात नासत नाहीत. शिळी भाकर दुधात कुस्करून खाता येते, तसंच ते. पावसाची बातमी मात्र शिळी चालत नाही. हे मला कळायला आत्याचा हात मोडावा लागला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि वस्तीच्या अगदी खालच्या टोकाला दोन खोल्यांत राहिली. सोबत शेळ्या आणि टीव्ही. आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पुढे, गोदावरीच्या काठाला. गाव उंचावर आणि आमची वस्ती खाली. छप्पन सालानंतर आजोबांनी देव सोडले, बुद्धाची तसबीर लावली, मुलांना शाळेत घातलं. सगळं बदललं, फक्त वस्तीची जागा बदलली नाही. ती गावानं त्याआधीच ठरवून दिलेली होती. देऊळ वर, ग्रामपंचायत वर, शाळा वर, आणि आम्ही नदीला सगळ्यात जवळ. त्यामुळे नदीला पाणी आलं की आधी आमच्या घरी येतं, हे सांगायला कुठल्या हवामानतज्ज्ञाची गरज नाही.

मी टीव्हीवर दिसायला लागले तेव्हा वस्तीत आत्याचा भाव वाढला. सातच्या बातम्यांना तिच्या ओट्यावर बायका जमायच्या. मी काय सांगते यापेक्षा कुठली साडी नेसले याची चर्चा जास्त व्हायची. तरी एक गोष्ट होती. दुसऱ्या कुणी काही सांगितलं तर आत्या म्हणायची, "बगू." मी सांगितलं तर म्हणायची, "आमच्या पोरीनं सांगितलंय." त्या विश्वासाचा मला अभिमान होता. विश्वासाचं ओझं असतं हे तेव्हा कळलं नव्हतं.

हवामानाचा इशारा आमच्याकडे मोबाइलच्या ग्रुपवर येतो. सरकारी कागदाचा फोटो, कधी तिरका, कधी अर्धा कापलेला. त्यात पावसाचा नाहीतर धरणातून सोडलेल्या पाण्याचा एक आकडा असतो, एक रंग असतो, पिवळा, नारिंगी नाहीतर लाल, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता ते ऐकलं तरी अंगाला काटा येतो. सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावं? पाण्याकडे टक लावून बसावं? शेळ्यांना समजावून सांगावं? कुठल्या घरापर्यंत पाणी येणार, किती वाजता येणार, कुठं जायचं, यातलं काहीच त्यात नसतं. पण कागद खालच्यापर्यंत पोचला की वरच्यांचे हात धुतलेले. आणि तो जसाच्या तसा वाचला की माझेही.

त्या वर्षी गणपती उठून थोडेच दिवस झाले होते. वरच्या धरणातून नदीत पाणी सोडलं होतं आणि वस्तीत सगळे जिवाला घोर लावून बसले होते. संध्याकाळी कागद आला की धरणातून सुटणारं पाणी कमी केलं आहे, घाबरण्याचं कारण नाही. मी तो वाचला. हसून वाचला, कारण मलाही हायसं वाटलं होतं. रात्री वरच्या बाजूला पाऊस कोसळला, पहाटे धरणाचे दरवाजे पुन्हा उचलले, ग्रुपवर नवा कागद आला. मी तो साडेसातला उठल्यावर बघितला. तोवर आमच्या कॉम्प्युटरनं सकाळच्या सातच्या ठोक्याला माझा कालचा हसरा चेहरा सगळ्या जिल्ह्याला दाखवला होता.

आत्या तेव्हा शेळ्या सोडून वर निघाली होती. दारातून परत फिरली. शेजारणीलाही म्हणाली, पाणी उतरतंय, आत्ताच टीव्हीवर सांगितलं. मी घाईघाईनं फोन लावला, तो लागला नाही. नऊच्या सुमाराला पाणी ओट्यावर चढलं. लोकांनी तिला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून वर काढलं, त्यात ती घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं. दोन शेळ्या गेल्या. एक तिनं पोटच्या लेकरासारखी वाढवली होती.

गेवराईच्या सरकारी दवाखान्यात मी तिला भेटले तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला धीर देईल. ती यातलं काहीच करणारी बाई नाही. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तू सांगितलंस म्हून थांबलतो आमी."

मी म्हणाले, "आत्या, ते कालचं होतं."

"मंग आज कावून दावलं?"

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आणि स्वतःची एवढी लाज वाटली की बीडला जाणारी गाडी समोरून गेली तरी उठले नाही.

मालकांना सांगितलं. आमचे मालक मनानं वाईट नाहीत. माणूस मनानं वाईट नसताना किती त्रास देऊ शकतो, याचा ते नमुना आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, आत्याची चौकशी केली, फळं पाठवली. मी म्हणाले, "सर, पावसाळ्यात सकाळी सातला ताज्या बातम्या द्या, नाहीतर पावसाची बातमी तरी कापून टाका." ते म्हणाले, "बघू मॅडम." आत्याचं 'बगू' आणि मालकांचं 'बघू' यांत फरक होता. आत्या खरंच बघायची. महिना उलटला तरी सकाळी सातला कालचंच बातमीपत्र लागत राहिलं. म्हणजे बैल गेला तरी झोपा काही केला नाही.

मग मी माझ्यापुरतं सुरू केलं. पावसाची बातमी वाचताना दिवस आणि वेळ सांगायची. "आज मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजले आहेत, ही आत्ताची माहिती आहे, उद्या सकाळी हीच ऐकलीत तर खरी मानू नका." मालकांना हे आवडलं नाही. आपलाच माल शिळा आहे असं दुकानदार सांगतो का, म्हणाले. मी म्हणाले, शिळा असेल तर सांगावं. बाजारातून भिंतीवरचं घड्याळ आणून मी निळ्या पडद्यावर माझ्या खांद्याशी टांगलं. मालक म्हणाले, रेल्वे स्टेशन वाटतंय. मी म्हणाले, वाटू द्या. ते घड्याळ दोनदा काढलं गेलं आणि दोनदा मी परत टांगलं. तिसऱ्यांदा कुणी हात लावला नाही.

पुढच्या पावसाळ्यात, पुन्हा भाद्रपदातच, एका दुपारी दोनला कागद आला. आकडा मी आजवर वाचलेल्यांत सगळ्यात मोठा होता. रंग लाल. वरच्या धरणातून पाणी सुटलं होतं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या काठाला लागणार होतं. त्या वेळी चॅनलवर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम चालू होता. हार, पेढे, रक्तदान, भाषणं. पडद्याच्या खालच्या भागात शुभेच्छुकांच्या फोटोंची पट्टी सरकत होती, आणि ती एवढी रुंद होती की इशाऱ्याची ओळ टाकायला बोटभर जागा उरली नव्हती. मालकांना फोन लावला. ते वाढदिवसाच्या मांडवातच होते. मागे बँड वाजत होता. "कार्यक्रम संपला की टाका," एवढं ऐकू आलं. कार्यक्रम संपणार होता सहाला.

आमचे ऑपरेटर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, सावध गृहस्थ. त्यांना म्हणाले, "काका, हे काढा. मी लाइव्ह बसते."

"मॅडम, लई महागात पडंल."

"माझ्या नावावर टाका. मी दम दिला म्हणून सांगा."

"कुणी मानंल का तुमी दम दिला म्हून?" असं म्हणून ते हसले, आणि त्यांनी वाढदिवस बंद केला.

मी खुर्चीत बसले आणि सरकारी कागद उलटा करून ठेवला. त्यातलं वाक्य मला वाचायचंच नव्हतं. प्रमाण मराठीही बाजूला ठेवली. म्हणाले, "आता दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झालीत, माझ्या मागं घड्याळ बगा. हे आत्ताचं हाय, कालचं न्हाई. नदीकाठच्या वस्त्यांनी आता उठायचं. धुण्याच्या दगडाला पाणी लागायची वाट बघू नका. दगड बुडला म्हंजी तुमची वाट बुडाली. म्हाताऱ्यांना आधी हलवा, मग जनावरं, मग धान्य. टीव्ही, पेटी, गादी ऱ्हाऊ द्या. शाळेत जा, उंचावर जा. रागावायचं तर वर जाऊन रागवा." दर अर्ध्या तासानं मी तेच नव्यानं बोलत होते, प्रत्येक वेळी घड्याळाकडे बोट दाखवून. साडेतीनला मालक आले. गळ्यात मांडवातला हार तसाच होता. काचेमागून ते मला हातवारे करत होते आणि मी त्यांच्याकडे न बघता बोलत होते. आयुष्यात इतकं बरं मला फार कमी वेळा वाटलंय.

पाच वाजता आत्याचा फोन आला. सगळी वस्ती वर निघाली होती. शेळ्यांसकट.

आणि पाणी आलं नाही.

म्हणजे आलं, पण धुण्याच्या दगडाशी येऊन थांबलं. वरचा पाऊस उघडला, धरणाचे दरवाजे पुन्हा खाली आले, आणि नदी सकाळपर्यंत निमूट मागे सरली. वस्तीतल्या एकाही घरात थेंब शिरला नाही. लोक सकाळी उतरले तर चुली कोरड्या, गाद्या कोरड्या, आणि अंग मात्र रात्रभर उघड्यावर बसून आंबलेलं.

अकरा वाजल्यापासून फोन सुरू झाले. लांडगा आला रे आला, असं चारजणांनी ऐकवलं. एक म्हणाला, तुमच्यामुळे उडदाची काढणी बुडाली. एक म्हणाला, बाईमाणसानं एवढं ओरडू नये. पुढाऱ्याच्या माणसांनी मालकांना जे ऐकवलं ते मालकांनी मला ऐकवलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं लिहिलेलं होतं. दुपारी त्यांनी मला समोर बसवलं आणि एक कागद दिला. टाइप केलेला. काल प्रसारित झालेल्या अतिरंजित माहितीमुळे नागरिकांमध्ये घबराट पसरली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. खाली माझं नाव.

"सात वाजता वाचा," मालक म्हणाले. "लाइव्ह. तुम्हाला लाइव्हची लई हौस आहे ना?"

"नाही वाचलं तर?"

"तर उद्यापासून येऊ नका."

मी ताठ मानेनं कागद फाडला असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. मला भीती वाटत होती. नोकरीची होतीच, पण त्याहून मोठी दुसरीच भीती होती. आदल्या वर्षी मी खोटा धीर दिला म्हणून आत्याचा हात मोडला. या वर्षी मी खोटी भीती घातली. आता पुढच्या वेळी मी उठा म्हटलं तर वस्तीत कोण उठणार? ओट्यावर बसून म्हणतील, बोलतीय आपली, मागच्या वेळी पण अशीच बोलली. आणि नेमकं त्या वेळी पाणी येईल. माझ्या बोलण्याची किंमतच संपली असेल, तर ती माफी वाचली काय आणि न वाचली काय.

चार वाजता आत्याला फोन लावला. सगळ्यांच्या आधी तिची माफी मागावी म्हणून. म्हणाले, "आत्या, माझं चुकलं. उगाच हलवलं तुम्हाला."

"कावून चुकलं?"

"पाणी कुठं आलं?"

"न्हाई आलं तर बरंच झालं की. का यावं असं वाटतंय तुला?" ती खेकसली. "बायकांत बोलणं झालंय आमचं. त्या चिडल्यात."

"माझ्यावर?"

"तुज्यावर कावून? साळेला कुलूप व्हतं! तू सांगितलं साळेत जा, आमी गेलो, तर कुलूप. किल्ली हेडमास्तर सायबाच्या खिशात अन् सायेब गेवराईला. वर गावातल्या कुणाकडं दुसरी हाय म्हणत्यात, पर मागितली तर कुणी दिली न्हाई. वस्तीतली माणसं वर्गात झोपतील म्हून जिवावर आलं आसंल. आमी व्हरांड्यात बसलो, शेळ्या घेऊन, वाऱ्यात. ते बोल तू. माफी काय मागतीस?"

ती पुढे म्हणाली, "आन हे बग. पुन्हा उठायचं आसंल तर पुन्हा उठू. धा येळा उठू. पर कुलूप लावलेल्या दाराम्होरं न्हाई बसणार."

फोन ठेवला आणि मला हसू आलं, आणि रडूही आलं. दिवसभर मी ज्या रागाला भीत होते तो राग माझ्यावर नव्हताच. शहाण्यासारखा, जिथे असायला हवा तिथेच होता. ज्यांनी फोन करून मला लांडगा ऐकवला त्यांतल्या एकाचंही घर नदीकाठी नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. ज्यांची घरं काठावर होती ती माणसं उठली होती, चालली होती, आणि पुन्हा उठायला तयार होती.

सातला मी बसले. घड्याळ मागे होतं. मालक काचेपलीकडे उभे होते आणि मी टाइप केलेला कागद समोर ठेवलेला बघून त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. ऑपरेटरकाकांनी अंगठा दाखवला आणि लाल दिवा लागला.

मी म्हणाले, "काल मी तुम्हाला उठवलं. पाणी आलं नाही. मला माफी मागायला सांगितलंय. मी माफी मागणार नाही. उद्या कागद आला तर उद्या उठवीन, परवा आला तर परवा. पाणी आलं नाही तर तुम्ही कोरड्या अंगानं घरी जाल, आणि एवढं नुकसान मला चालतं. ज्यांना राग आलाय त्यांनी माझ्यावर काढावा. पण काल नदीकाठची माणसं लेकराबाळांना घेऊन शाळेच्या दारात गेली आणि दाराला कुलूप होतं. गावात दुसरी किल्ली होती. माफी मागायचीच असेल तर ज्याच्या खिशात ती होती त्यानं मागावी. आणि नुसती मागू नये, किल्ली…"

इथे लाल दिवा विझला. मालकांनी स्वतः आत येऊन वायर ओढली होती. पडद्यावर कोचिंग क्लासची जाहिरात लागल्याचं बाजूच्या टीव्हीत दिसत होतं. मी तरी वाक्य पूर्ण केलं, मालकांकडे बघून. "किल्ली वस्तीत आणून द्यावी." ऑपरेटरकाका खाली मान घालून उगाच एक वायर गुंडाळत होते.

मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी म्हणाले, बरं. घड्याळ तेवढं पडद्यावर राहू द्या.

बारा दिवस मी घरी होते. तेराव्या दिवशी आभाळ पुन्हा भरून आलं आणि मालकांचा फोन आला. काय ठरलं, कसं ठरलं, ते आमच्या दोघांतलं आहे. एवढंच सांगते की पावसाळ्यात आता आमचं ऑफिस सकाळी सहाला उघडतं आणि माफीचा विषय त्यांनी परत काढला नाही. मीही काढला नाही.

पण किल्लीचं सांगते. माझं अर्धवट तुटलेलं वाक्य मोबाइलवरून गावात फिरलं. ते कुठल्या गावाबद्दल होतं हे मी बोलले नव्हते, तरी आमच्या गावात सगळ्यांना बरोबर समजलं. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका आत्याला पुढे घालून ग्रामपंचायतीत गेल्या आणि दारातच बसल्या. संध्याकाळी दुसरी किल्ली कुणाच्या तरी घरातून निघाली आणि आत्याच्या हातात आली. ज्या हाताला प्लास्टर होतं त्याच हातात, असं ती मुद्दाम सांगते.

ती किल्ली आता तिच्या कमरेला असते. शाळेचे हेडमास्तर साहेब एकदा मागायला आले होते, नियमात बसत नाही म्हणाले. आत्यानं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "सायेब, नियम तुमी वर ठिवा. किल्ली खालीच ऱ्हाईल."